बोलकं पुस्तक आजींच्या हाती

दुपारचा ओटा आवरला की तासभर पुस्तक घेऊन आडवं व्हायचं, हे सुख आपल्या आया-सासवांपैकी कितीतरी जणींनी जन्मभर जपलं. संसारात बाकी कसली हौस झाली नाही, तरी वाचनालयाची वर्गणी त्यांनी कधी चुकवली नाही. अशा बायका प्रत्येक गल्लीत सापडतील. पण वय झालं की डोळे कुरकुर करू लागतात. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूनं गेलेली नजर मात्र परत येत नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला, तर कडेकडेचं दिसतं आणि नेमकं समोरचं अक्षर पुसट होतं. मग चष्म्याचा नंबर बदलूनही भागत नाही आणि मोठ्या टायपातलं पुस्तक आणूनही भागत नाही.

अशा घरात हल्ली कुणी ना कुणी म्हणतंच, "अहो, पुस्तकं ऐकायलासुद्धा मिळतात की आता!" आणि खरंच मिळतात. ऑडिओबुक म्हणा, बोलकं पुस्तक म्हणा. परगावचा मुलगा मोठ्या हौसेनं पाठवतो. मग खरी गंमत सुरू होते. ती फाईल कॉम्प्युटरवर नीट वाजते, पण आजींच्या छोट्या रेडिओत घातली की रेडिओ मुका! मोबाईलवर लागते, पण मोबाईल आजींना लावता येत नाही. म्हणजे पुस्तक घरात येतं, पण ज्या माणसासाठी आलं त्याच्या हाती काही लागत नाही.

ही अडचण आपण घरच्या घरी सोडवू शकतो. त्यासाठी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला असायला हवा असं नाही. घरात एक साधा कॉम्प्युटर, पंधरा-वीस मिनिटांची सवड आणि थोडा धीर एवढं पुरे. कुरडयांचा चीक शिजवण्यापेक्षा हे काम नक्कीच सोपं आहे.

मोबाईल असताना हा खटाटोप कशाला?

हा प्रश्न मला शेजारणींनी विचारला, म्हणून आमच्या घरचंच उदाहरण देते. सासूबाईंना काचबिंदू आहे. मोबाईलच्या गुळगुळीत काचेवर बोटाला काहीच लागत नाही. कुठं दाबायचं ते डोळ्यांनीच पाहावं लागतं. बोट जरा रेंगाळलं की भलतंच उघडतं. मध्येच फोन आला की पुस्तक कुठल्या कुठे जातं. त्यामुळे दर वेळी "अगं, जरा लावून देतेस का?" अशी हाक मारावी लागायची. दिवसातून चार-पाचदा. हळूहळू हाका कमी झाल्या आणि मग थांबल्याच. पुढे एकदा वन्संशी फोनवर बोलताना त्या म्हणाल्या, "पुस्तक हवंसं वाटतं गं, पण किती वेळा उठवायचं तिला? ती बिचारी शाळेतून दमून आलेली असते."

हे वाक्य घराघरांतल्या म्हाताऱ्या माणसांचं आहे, नाही का? त्यांना पुस्तक हवं असतं. पण त्यासाठी दुसऱ्याचं तोंड पाहायला नको असतं. जन्मभर स्वतःच्या हातानं पान उलटलेल्या बाईला, पान उलटायला सुनेला हाक मारावी लागते, हे आतून टोचतं.

यावर उपाय म्हणजे खऱ्या, उंच बटणांचा छोटा रेडिओ किंवा प्लेअर, ज्यात पेन ड्राईव्ह किंवा मेमरी कार्ड घालता येतं. सुरू-बंद करण्याच्या बटणावर एक खड्याची टिकली चिकटवायची, पुढच्या-मागच्या बटणांवर नेलपॉलिशचा एकेक जाड थेंब वाळू द्यायचा. बोटाला लगेच ओळख पटते. फक्त हे स्वस्त प्लेअर खाण्यापिण्याच्या बाबतीत फार चोखंदळ! बहुतेक सगळे एमपीथ्री प्रकारची फाईल खातात; बाकीच्या प्रकारांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणून फाईलचा प्रकार बदलायला शिकायचं.

बरणी आणि बरणीवरची चिठ्ठी

फाईलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर तीन-चार अक्षरं असतात. ती म्हणजे बरणीवरची चिठ्ठी. बोलक्या पुस्तकांच्या बाबतीत चार-पाच चिठ्ठ्या ओळखता आल्या की झालं.

एमपीथ्री ही जुनी आणि जवळजवळ सर्वत्र चालणारी. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा तिच्यात मोठा वाटा. फाईलच्या नावाला हे शेपूट लावायचं, हे १९९५ च्या जुलैत ठरलं. तिची युक्ती मजेशीर आहे. मिक्सर चालू असताना कुकरची बारीक वाफ आपल्याला ऐकू येत नाही ना? तसेच मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज एमपीथ्री सरळ गाळून टाकते. म्हणून फाईल लहान होते आणि कानाला फारसा फरक कळत नाही.

एमफोरबी हा खास बोलक्या पुस्तकांचा प्रकार. यात प्रकरणांच्या खुणा असतात आणि आपण कुठवर ऐकलं ते मोबाईलवरचे बरेच प्लेअर लक्षात ठेवतात. एमफोरए ही त्याचीच सख्खी बहीण. आतला माल एकच, चिठ्ठी वेगळी. आयफोनवर आवाज मुद्रित केला तर तो याच प्रकारात येतो. ओपस हा प्रकार २०१२ साली प्रमाणित झाला. व्हॉट्सअॅपवरून येणारे बोललेले निरोप याच प्रकारचे असतात. आणि वेव्ह म्हणजे काहीही न गाळलेला, जसाच्या तसा आवाज. उत्तम, पण अवाढव्य.

पुष्कळ जणी करून पाहतात ती एक गोष्ट इथेच सांगून टाकते. फाईलच्या नावावर क्लिक करून शेवटची अक्षरं पुसायची आणि तिथे एमपीथ्री लिहायचं, एवढ्यानं फाईल बदलत नाही. कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर 'मुरंबा' अशी चिठ्ठी डकवली, तर आत मुरंबा होतो का? एमफोरबीची चिठ्ठी काढून एमफोरए लावली तर मात्र काही प्लेअर फसतात आणि वाजवतात, कारण आतला माल खरोखर एकच असतो. बाकी सगळ्या वेळी आतला माल बदलावा लागतो.

किती जाड, किती बारीक?

फाईल बदलताना कॉम्प्युटर एक आकडा विचारतो, त्याला बिटरेट म्हणतात. दर सेकंदाच्या आवाजासाठी किती जागा खर्च करायची, याचं ते माप. इथे बऱ्याच जणी गांगरतात. पण हिशेब सरळ आहे.

गाण्याच्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद होते आणि तिचा बिटरेट १,४११ किलोबिट पडतो. त्या हिशेबानं एका तासाला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. तोच तास १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत ५८ एमबीत बसतो आणि ६४ किलोबिटमध्ये अवघ्या २९ एमबीत. गाण्याला तबला, तानपुरा, सारंगी सगळं हवं, तिथे १२८ किंवा जास्तच घ्यावं. पुस्तक वाचणारा माणूस मात्र एकटा असतो. त्याला ६४ किलोबिट पुरतात, पण एका अटीवर: आवाज 'स्टिरिओ' न ठेवता 'मोनो' करायचा. मोनोमध्ये डाव्या-उजव्या कानाला एकच आवाज जातो. वयानं एका कानाला कमी ऐकू येणाऱ्यांना तर मोनोच बरं.

या हिशेबानं दहा तासांचं पुस्तक सुमारे २९० एमबीचं होतं. १६ जीबीच्या पेन ड्राईव्हवर अशी पन्नासाहून जास्त पुस्तकं मावतील. म्हणजे दोन वर्षांची बेगमी!

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. पहिली, ताकाचं पुन्हा दही होत नाही. ६४ किलोबिटची फाईल १२८ ची केली तर जागा दुप्पट अडते, आवाज तसूभरही सुधारत नाही. दुसरी, दर वेळी प्रकार बदलताना थोडं गाळलं जातं. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं. म्हणून मूळ फाईल एका वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा आणि जेव्हा बदलायची तेव्हा मूळ फाईलवरूनच बदला.

कृती पहिली: सरळ साधी

साहित्य: कॉम्प्युटर, मूळ फाईल आणि व्हीएलसी नावाचा मोफत प्रोग्राम. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली या कामाला सुरुवात केली होती. आज तो व्हिडिओलॅन या संस्थेच्या साइटवर फुकट मिळतो. तिथूनच घ्यावा. इतर ठिकाणी 'डाऊनलोड' असं लिहिलेली मोठाली हिरवी बटणं दिसतात, त्यातली बरीच जाहिरातीची असतात. भलतंच काहीतरी घरात शिरतं.

व्हीएलसी उघडा. वर डावीकडे 'मीडिया' आहे, त्यात 'कन्व्हर्ट / सेव्ह' निवडा. मॅक कॉम्प्युटरवर हा पर्याय 'फाईल' या मेनूत असतो. एक खिडकी उघडेल, तिथे 'अॅड' दाबून आपली फाईल दाखवा. खालचं 'कन्व्हर्ट / सेव्ह' बटण दाबा. पुढच्या खिडकीत 'प्रोफाइल' अशी पाटी आहे, तिथल्या यादीतून 'ऑडिओ - एमपीथ्री' निवडा. शेजारी पान्याचं चित्र आहे, ते दाबलं की ऑडिओच्या पानावर बिटरेट ६४ आणि चॅनेल १ असं लिहिता येतं. नको वाटलं तर आहे तसंच राहू द्या, काही बिघडत नाही. शेवटी 'ब्राउज' दाबून नव्या फाईलला नाव द्या आणि 'स्टार्ट' करा.

खालची पट्टी सरकत सरकत शेवटाला पोचली की काम झालं. दहा तासांचं पुस्तक ऐकायला दहा तास लागतात, पण बदलायला काही मिनिटंच पुरतात. कॉम्प्युटर जुना असेल तर थोडी जास्त. तेवढ्यात भाजी निवडून होते. व्हॉट्सअॅपवरचे निरोपही असेच बदलता येतात. नातवानं परदेशातून आजीसाठी सांगितलेल्या गोष्टी आमच्या एका मैत्रिणीनं अशाच रेडिओत भरून दिल्या.

कृती दुसरी: पुस्तकाचे घास

वरच्या कृतीत एक उणीव आहे. अख्ख्या पुस्तकाची एकच लांबलचक फाईल तयार होते आणि प्रकरणांच्या खुणा जातात. स्वस्त प्लेअर बंद करून सुरू केला की तो कितव्या फाईलवर होतो एवढंच फार तर त्याला आठवतं. त्या फाईलच्या आत कुठे होतो ते आठवत नाही. दहा तासांची एकच फाईल असेल तर आजींना रोज पहिल्यापासून सुरुवात! दोन दिवसांत कंटाळून त्या प्लेअर बाजूला ठेवतील.

म्हणून पुस्तकाचे लहान लहान घास करायचे. वीस मिनिटांचा एक घास बरा. ही काही माझी नवी कल्पना नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसह सगळ्याच अंध वाचकांसाठी १९३५ च्या नोव्हेंबरात बोलक्या पुस्तकांची योजना सुरू झाली. ती पुस्तकं मोठ्या तबकड्यांवर असत आणि तबकडीच्या एका बाजूला सुमारे पंचवीस मिनिटांचं वाचन मावत असे. पहिल्याच खेपेत अगाथा ख्रिस्तींची रहस्यकथा होती. खुनी कोण हे कळायला श्रोत्यांना किती तबकड्या उलटाव्या लागल्या असतील, कल्पना करा!

आपल्याला तबकडी उलटायची नाही, फक्त फाईल कापायची आहे. त्यासाठी ऑडॅसिटी नावाचा दुसरा मोफत प्रोग्राम आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तो जन्मला आणि २००० साली सर्वांसाठी खुला झाला. विंडोजवर एमफोरबी किंवा एमफोरए फाईल उघडायची तर त्याला एफएफएमपेग नावाची एक जोडणी वेगळी बसवावी लागते. ती एकदाच बसवायची. किंवा सरळ पहिल्या कृतीनं झालेली एमपीथ्री यात उघडायची. दुसऱ्यांदा थोडं गाळलं जाईल, म्हणून असं करायचं असेल तर पहिल्या वेळी बिटरेट १२८ ठेवावा.

आधी डिस्कवर जागा आहे ना, ते पाहा. ऑडॅसिटी फाईल उलगडून ठेवते. दहा तासांच्या स्टिरिओ पुस्तकाला तेरा जीबीच्या आसपास जागा लागते. पिठाच्या गोळ्याची पोळी लाटली की परात लागते, तसंच. काम झाल्यावर ती जागा मोकळी करता येते.

फाईल उघडली की आवाजाची निळी नागमोडी पट्टी दिसते. 'टूल्स' या मेनूत 'रेग्युलर इंटर्व्हल लेबल्स' आहे. तिथे वीस मिनिटं, म्हणजे १,२०० सेकंद, असं अंतर सांगितलं की ठरावीक जागी खुणा उमटतात. खूण नेमकी शब्दाच्या मधोमध पडली असेल तर ती माऊसनं ओढून शेजारच्या शांत जागी न्या. पट्टी जिथे बारीक रेघ होते तिथे वाचणाऱ्यानं श्वास घेतलेला असतो. प्रकरणवार कापायचं असेल तर प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी कर्सर ठेवून कंट्रोल आणि बी ही बटणं दाबायची, खूण होते. मग 'फाईल'मधल्या 'एक्स्पोर्ट'मध्ये जाऊन अनेक फाईली काढण्याचा पर्याय निवडा. प्रकार एमपीथ्री, चॅनेल मोनो, बिटरेट 'कॉन्स्टंट' म्हणजे कायम ठेवून ६४, आणि वेग ४४,१०० च राहू द्या. काही छोटे प्लेअर यापेक्षा वेगळं काही दिलं की अडखळतात.

याच प्रोग्राममध्ये आणखी दोन सोयी आहेत. 'इफेक्ट' मेनूतल्या 'लाऊडनेस नॉर्मलायझेशन'नं दबका आवाज उचलला जातो आणि सगळी पुस्तकं साधारण एकाच पातळीवर येतात. आणि 'चेंज टेम्पो'मध्ये उणे दहा टक्के केलं की वाचणारा थोडा सावकाश वाचू लागतो, आवाजाची पट्टी मात्र बदलत नाही. ज्यांना भरभर बोललेलं समजत नाही, त्यांना या सावकाश वाचनानं गोष्ट नीट समजते. सासूबाईंच्या एका मैत्रिणीचं म्हणणं, "पूर्वी बाई धावत वाचत होती, आता बसून वाचते."

पेन ड्राईव्हचे नखरे

पेन ड्राईव्ह १६ किंवा ३२ जीबीचाच घ्या. फार मोठा आणला तर छोटे प्लेअर त्याला ओळखच देत नाहीत. त्याची मांडणी 'फॅट थर्टीटू' या पद्धतीची असावी लागते. कॉम्प्युटरवर पेन ड्राईव्हच्या चित्रावर उजवं बटण दाबून 'फॉरमॅट' निवडलं की ही पद्धत निवडता येते. पण फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून लग्नाचे फोटो वगैरे आधी काढून ठेवा!

फाईलींना नावं देताना १, २, ३ असे आकडे देऊ नका. मग प्लेअर १ नंतर १० वाजवतो, नंतर ११, आणि २ येतो बराच मागाहून. नायिकेचं लग्न आधी आणि कांदेपोहे नंतर! ००१, ००२, ००३ असे तीन आकडी क्रमांक द्या. काही प्लेअर नावाकडे पाहतच नाहीत, ज्या क्रमानं फाईली घातल्या त्याच क्रमानं वाजवतात. म्हणून एकेक पुस्तक, ओळीनं, संपूर्ण घालावं. नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, कारण बऱ्याच छोट्या प्लेअरना देवनागरी वाचता येत नाही. प्रत्येक पुस्तकाला वेगळं फोल्डर करा.

कुलूप लावलेली पुस्तकं

आता थोडं नाजूक, पण महत्त्वाचं. वर्गणी भरून मोबाईलवर ऐकायची जी पुस्तकं असतात, ती उतरवून घेतली तरी त्याच अॅपच्या आत राहतात. त्यांना कुलूप असतं. व्हीएलसीत ती वाजणार नाहीत. कुलूप फोडायचे मार्ग कुणीतरी सांगेल, पण त्या वाटेला जाऊ नये. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तिच्यानुसार हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडणं हा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाचा गुन्हा आहे. शिवाय लेखकाचं, वाचणाऱ्याचं पोट त्यावर असतं. विकत घेतलेल्या, कुलूप नसलेल्या फाईलीसुद्धा घरच्या माणसासाठी बदलाव्यात. भिशीच्या मंडळात वाटू नयेत.

याच २०१२ च्या दुरुस्तीनं एक दारही उघडलं. जे छापील पुस्तक वाचू शकत नाहीत अशा अपंग व्यक्तींसाठी, नफा न कमावता, पुस्तक त्यांना वापरता येईल अशा रूपात आणायला कायद्यानं मुभा दिली. पुढे २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा आपला भारत जगातला पहिला देश ठरला. ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगा.

घरात कुणाची दृष्टी खरोखरच गेली असेल, तर आपणच फाईली शोधत बसण्याआधी संस्थांकडे विचारा. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड बोलक्या पुस्तकांचं काम वर्षानुवर्षं करत आली आहे. २०१६ साली सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय खास अशा वाचकांसाठीच आहे. तिथे 'डेझी' नावाच्या प्रकारातली पुस्तकं भेटतील. या नावाला घाबरू नका. आवाज असलेल्या डेझी पुस्तकाचं फोल्डर उघडलं की आत बहुधा एमपीथ्री फाईलीच असतात, त्या छोट्या प्लेअरवर चालतात. इंग्रजी ऐकणाऱ्यांसाठी २००५ पासून चालू असलेल्या 'लिब्रिव्हॉक्स'वर जुनी, हक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवकांनी वाचलेली मिळतात, आणि तीही थेट एमपीथ्रीत.

आपल्याच आवाजात

मराठीतलं आवडीचं पुस्तक कुठेच बोलकं झालेलं नसेल तर? तर आपण वाचावं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तकाचे हक्क संपतात. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं २०११ पासून सर्वांना मोकळी आहेत. या तिघांची पुस्तकं वाचायला घेतली तरी वर्ष पुरणार नाही.

मोबाईलवर आवाज मुद्रित करण्याची सोय असतेच. पंखा बंद करा, फ्रीजपासून लांब बसा. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून वाचलं तर खोली घुमत नाही. कपडे आवाज शोषून घेतात. मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला ठेवा, म्हणजे 'प' आणि 'भ' चे फटकारे बसत नाहीत. दर वेळी सुरुवातीला पुस्तकाचं आणि प्रकरणाचं नाव सांगा, कारण ऐकणाऱ्याला मुखपृष्ठ दिसत नसतं. पंधरा मिनिटांवर वाचू नका, घसा बसतो. चुकलं तर थांबा, टाळी वाजवा आणि ते वाक्य पुन्हा वाचा. ऑडॅसिटीच्या पट्टीवर टाळीचा उंच सुळका दिसतो, तिथे चुकीचा भाग कापून टाकता येतो.

सुट्टीत मुलांना हे काम द्या. शाळेत मी पाहते, मुलांना प्रकट वाचन म्हटलं की पोटात गोळा येतो. पण "आजी ऐकणार आहे" म्हटलं की तीच मुलं विराम सांभाळून वाचतात. त्यांचं वाचन सुधारतं आणि आजींना नातवंडाचा आवाज हवा तेव्हा लावता येतो.

हाती देण्यापूर्वी

सगळं भरून झालं की प्लेअर लगेच आजींच्या हाती देऊ नका. आधी स्वतः डोळे मिटून बसा आणि फक्त बोटांनी तो सुरू करून पाहा. आवाज वाढवा, कमी करा, पुढच्या फाईलवर जा, मागं या, बंद करा, पुन्हा सुरू करा. कुठे बोट चाचपडलं तर तिथे आणखी एक टिकली लावा. चार्ज करायची वायर कशी उलटसुलट बसते तेही डोळे मिटूनच पाहा. मग शेजारी बसून त्यांच्या हातानं दोन-तीनदा करवून घ्या. घाई करू नका, "असं नाही हो, असं" म्हणत त्यांच्या हातातून प्लेअर काढून घेऊ नका.

सुरुवातीला एकच पुस्तक भरा, तेही त्यांच्या आवडीचं आणि आधी वाचलेलं. ओळखीच्या गोष्टीत एखादा शब्द निसटला तरी बिघडत नाही, आणि सगळं लक्ष बटणं शिकण्याकडे देता येतं. नवी पुस्तकं आठवड्यानं. नंतर महिन्यातून एकदा पेन ड्राईव्ह घेऊन कॉम्प्युटरपाशी बसायचं आणि "या खेपेला काय आणू?" असं त्यांना विचारायचं. पूर्वी वाचनालयात जाताना त्या मुलांच्या हाती चिठ्ठी द्यायच्या, तशी यादी त्या आपणहून सांगू लागतील. सासूबाईंची या महिन्याची यादी सहा पुस्तकांची आहे, आणि त्यातलं एक त्यांनी वाचायला मला सांगितलं आहे.